सातव्या गणिताचं उत्तर

ता. ३ सप्टेंबर

चि. बटण,

पोटभर आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. अक्षर बरं आहे, मजकूर त्याहून कमी आहे. दीड पानात तू मला शाळा किती मजली आहे ते सांगितलंस, मैदानाला किती फाटकं आहेत ते सांगितलंस, आणि स्वतःबद्दल एवढंच की मजेत आहे. मजेत तर आपल्या दुकानासमोरचं कुत्रंही असतं. मला ती इमारत विकत घ्यायची नाही. तिच्या आत तुझं काय चाललंय ते लिही.

मी फोन का घेत नाही, असं तुझी आई विचारत होती म्हणे. सूनबाईला सांग, फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं शेजारीण ऐकते. कागद बरा. दोनदा वाचता येतो आणि मध्ये कुणी बोलत नाही. चार यत्ता शिकले, त्याचा तेवढा तरी उपयोग होऊ दे.

इथे सगळं जागच्या जागी आहे. गणवेशांची खेप संपली, आता कोटांचे दिवस येतील. सात वर्षं तू या कापायच्या टेबलाखाली वाढलीस. आईबापाकडे जाऊन तुला दीड वर्ष झालं, तरी पाय पसरायच्या आधी मी अजून वाकून बघते, खाली कुणी बसलंय का. सवय आहे, बाकी काही नाही.

ता. क. मध्ये तू अकरावीला विज्ञान घेणार म्हणतेस. क्रेनचा हात लांब केला की तीच क्रेन कमी वजन का उचलते, ते तुला शिकायचंय. तुझ्या बापाच्या केबिनमध्ये त्याचा तक्ता चिकटवलाय, तो रोज वाचतो आणि का ते त्याला ठाऊक नाही. मला नवल वाटलं नाही. लहानपणीही तो काय आणि कधी एवढंच विचारायचा, तेही जेवणाबद्दल. तू विचार. विचारायला काही लागत नाही.

घरात सगळ्यांना जपून राहायला सांग. लोभ आहेच, वाढवायला जागा नाही, आहे तेवढा सांभाळ.

तुझी
आजी

ता. १४ सप्टेंबर

ती. आजीस,

बटणाचा सा. न. वि. वि. तुझं पत्र आईनं मोठ्यानं वाचलं आणि जेवणाच्या ओळीवर बाबा उठून हात धुवायला गेले.

आता शाळेच्या आतलं लिहिते. आमच्या शाळेत सगळे येतात. परीक्षा घेऊन कुणाला निवडत नाहीत आणि कुणाला परत पाठवत नाहीत. या भागात राहतो तो आमचा, असं मोठ्या बाई म्हणतात. माझ्या बाकावर औषधवाल्याची मुलगी बसते. तिच्याकडे तीन रंगांची पेनं आहेत आणि ती तिन्ही वापरते. पुढे दातांच्या डॉक्टरांचा मुलगा, मागे रस्ते झाडणाऱ्या काकांच्या जुळ्या मुली. त्या दोघींतली कोण कुठली ते वर्गशिक्षकांना अजून कळत नाही, म्हणून ते दोघींनाही एकदमच रागावतात.

पण गणिताला मात्र नववीत चाळणी लावतात. गेल्या आठवड्यात चाचणी झाली. पंचेचाळीसच्या वर अ गट, पस्तीसच्या वर ब, त्याखाली क. याद्या जिन्याजवळच्या फलकावर लागल्या. मी क मध्ये आहे. क गटाला बीजगणित नसतं, त्या तासांना कार्यशाळा असते. सुतारकाम नाहीतर शिवण. मी शिवण घेतलं. शिवणाच्या बाई फार खूश आहेत. मी घातलेलं काज त्यांनी वर्गभर फिरवलं, आणि हे मशीननं घातलंय का, असं एकीनं विचारलं.

क मधून अकरावीला विज्ञान मिळत नाही. पण ठीक आहे. शिवण चांगलंच असतं, तूच म्हणतेस. क्रेनचं काय, ती आपली उभीच आहे.

तुझ्या गुडघ्यांना विचारलंय म्हणून सांग.

तुझी लाडकी (आईनं हा शब्द खोडायला सांगितला, मी खोडला नाही)
बटण

ता. २० सप्टेंबर

चि. बटण,

आशीर्वाद, पण थोडे हात राखून. वि. वि. गुडघे म्हणाले, आमची चौकशी करून विषय बदलू नका.

शिवण चांगलं असतं, हे मला तू सांगणार. या सुईवर तुझा बाप वाढला आणि त्याची दोन्ही भावंडं वाढली. शिवण चांगलंच आहे. पण ज्याला ते हवंय त्याला चांगलं. चाळणीतून खाली पडलेल्यांना दिलेलं शिवण मला चांगलं वाटत नाही. त्यात शिवणाचाही अपमान आहे आणि पोरीचाही.

दुसरं. तुझ्या पत्रात एक तुकडा कमी आहे. पाठ आहे, पुढा आहे, बाही दिसत नाही. नऊ वर्षांची होतीस तेव्हा तीन पोरांची मापं ऐकून किती कापड लागेल ते तू तोंडी सांगायचीस, आणि मी मागून टेप लावून बघायचे. दोनदा मी चुकले, तू नाही. ती पोरगी पस्तीसच्या खाली कशी गेली, ते तुझ्या पत्रात नाही. किती गुण मिळाले तेही नाही. काजाची गोष्ट मात्र चार ओळी आहे. ज्याला भोक लपवायचं असतं तो वर खिसा लावतो, हे मला शिकवू नकोस, मीच शोधून काढलंय ते.

उलट टपाली खरं काय ते लिही. रागावेन की नाही ते आत्ता सांगत नाही.

वाट बघणारी
आजी

ता. २७ सप्टेंबर

ती. आजीस,

सा. न. वि. वि. मला शून्य मिळालं. पन्नासपैकी.

माझी दहाही उत्तरं बरोबर होती. पण पेपरात नुसती उत्तरं होती, रीत कुठेच नव्हती. औषधवाल्याच्या मुलीचीही दहा बरोबर होती आणि तिची रीत पानभर होती, तिन्ही रंगांत. आम्ही एका बाकावर. गणिताच्या बाईंनी मला बोलावून विचारलं, ही उत्तरं आली कुठून. मी काहीच बोलले नाही. त्या थोडा वेळ थांबल्या आणि मग म्हणाल्या, की मी बोलत नसेन तर त्यांना एकच अर्थ काढता येतो.

मी रीत लिहिली होती गं. सगळी पेन्सिलनं लिहिली होती आणि पेपर देण्याआधी खोडरबरनं पुसून टाकली. दुकानात मी तेच करायचे ना. माल हातातून सोडण्याआधी खडू झटकायचा. रेघ राहिली तर गिऱ्हाईक म्हणतं शिकाऊ हातानं कापलंय. सात वर्षं ब्रश माझ्याच हातात होता. शेवटची पाच मिनिटं मी तेवढंच करत होते. पान इतकं स्वच्छ दिसत होतं की मला बरं वाटलं. रीत दाखवणे आवश्यक, असं वर छापलं होतं. मी सरळ गणितांनाच हात घातला, ती ओळ वाचलीच नाही. आठवीत नुसती बरोबर उत्तराला खूण करायची असायची, म्हणून कधी प्रश्नच आला नाही.

हे बाईंना सांगायला गेले तर वाटलं, कोण विश्वास ठेवणार. खडूचं सांगितलं तर हसतील.

बाबांना आणि आईला फक्त क गट माहीत आहे, शून्य नाही. पेपरावर पालकांची सही घेऊन तो परत द्यायचाय. बाबा कळल्याबरोबर शाळेत जातील आणि क्रेनवर बोलतात तशा आवाजात बोलतील. म्हणून पेपर तुला पाठवतेय. बघ आणि मला काय ते सांग.

तुझी
बटण

ता. ५ ऑक्टोबर

गणिताच्या बाईंस,

स. न. वि. वि. तुमची माझी ओळख नाही. नववीतली जी मुलगी तुम्ही शून्यावर बसवलीत, तिची मी आजी. मी चार यत्ता शिकलेली बाई आहे, तेव्हा पत्रात चुका सापडतील. त्यांचे गुण कापा, पण शून्य देऊ नका. मजकूर माझाच आहे.

मी शिंपीण आहे. पन्नास वर्षं गणवेश आणि कोट शिवते. आमच्यात कापडावर खडूनं आखतात, मग कापतात, मग शिवतात, आणि गिऱ्हाईकाच्या हातात द्यायच्या आधी खडू झटकून टाकतात. एक रेघ दिसली तरी काम कच्चं. तुमची विद्यार्थिनी सहा वर्षांची असल्यापासून माझ्या दुकानात हे झटकायचं काम करत होती. तिनं तुमचा पेपरही तसाच झटकला. तुमच्याकडे रेघ दिसलीच पाहिजे असा कायदा आहे, हे तिला ठाऊक नव्हतं, कारण वर छापलेली ओळ तिनं वाचली नाही. त्याबद्दल तिचे काय कापायचे ते कापा.

आता पुरावा. पेपर सोबत रजिस्टर टपालानं पाठवत आहे. तो टेबलावर ठेवून बघू नका. सकाळच्या उन्हात खिडकीशी जा आणि डोळ्यांसमोर आडवा धरा, ताटलीतून पाणी सांडेल असा. ही पोरगी पेन्सिल चालवत नाही, नांगरते. लहानपणापासून तीच खोड आहे, तिच्या वहीच्या तीन पानांखालीही अक्षर वाचता यायचं. पुसलेल्या जागी खळगे दिसतील. मला त्यातलं काही कळत नाही. पण पुसलेली रेघ मला पन्नास वर्षं दिसत आली आहे, तिथे माझे डोळे चुकत नाहीत. मी त्यावरून पेन्सिल फिरवलेली नाही, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारीनं लिहून पाठवलं.

तिला वर चढवा असं माझं म्हणणं नाही. एकदा बघा, एवढंच. तिला अकरावीला विज्ञान हवंय आणि तुमच्या क मधून तिकडे दार नाही.

जाता जाता एक विचारते. शिवण तुम्ही क गटालाच का देता. अ गटातल्यांची बटणं तुटत नाहीत का.

उत्तराची वाट बघते. तुमचा वेळ घेतला, तो कारणी लागावा.

आपली
बटणाची आजी (शाळेच्या दप्तरात तिचं नाव वेगळं आहे, तुम्हाला ठाऊक असेलच)

ता. १५ ऑक्टोबर

आदरणीय आजींना,

स. न. वि. वि. तुमचं पत्र आणि पेपर दोन्ही मिळाले. तुम्ही सांगितलंत तशीच प्रयोगशाळेच्या पूर्वेकडच्या खिडकीशी गेले आणि पेपर आडवा धरला. वीस वर्षं पेपर तपासते आहे, असा कधी धरला नव्हता. सगळे खळगे दिसले. मी भिंग घेऊन तासभर बसले आणि एकेक ओळ वेगळ्या कागदावर उतरवून घेतली. रीत तिची स्वतःची आहे. दोन ठिकाणी ती शेजारच्या मुलीच्या रीतीपेक्षा छोटी आहे. मी तिच्यावर घेतलेला संशय घाईचा होता. मी थांबले, पण पुरेशी थांबले नाही.

मात्र एक गोष्ट तुमच्यापासून लपवणं बरोबर होणार नाही. हे लिहावं की नाही, यावर दोन दिवस घालवले. दहापैकी नऊ गणितांत खळगे आणि उत्तर एकमेकांना धरून आहेत. सातव्यात नाहीत. ते गणित असं: एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा तीन तासांत, तर दोन्ही मिळून किती तास. तिच्या खळग्यांत सहा आणि तीनची बेरीज आहे, तिचं अर्धं केलं आहे, आणि साडेचार आलं आहे. खाली उत्तर मात्र दोन लिहिलं आहे. दोन बरोबर आहे, पण त्या रीतीतून दोन येत नाही.

मी तिला काही विचारलेलं नाही. हे तिला कळवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ती आपणहून माझ्याकडे आली आणि सातव्याबद्दल तिनं सांगितलं, तर मी तिची नवी चाचणी घेईन. याद्या दहा नोव्हेंबरला पक्क्या होतात. ती आली नाही, तर नाव आहे तिथेच राहील, कारण नऊ गणितांसाठी दहावं झाकणं मला जमणार नाही.

तुमचा बटणांचा प्रश्न मी शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवला. शिवणाच्या बाईंनी तो आपल्या वहीत उतरवून घेतला आहे आणि आता त्या गप्प बसणार नाहीत.

प्रकृतीस जपावं. तुमच्या नातीचं भलं व्हावं हीच इच्छा मलाही आहे, यावर भरवसा ठेवावा.

आपली
गणिताची शिक्षिका

ता. २० ऑक्टोबर

चि. बटण,

आशीर्वाद तर द्यावेच लागतात, म्हणून देते. वि. वि. तुझ्या बाईंचं पत्र आलंय, ते याच पाकिटात आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस. आता बस.

मी त्या बाईंना छाती काढून पत्र लिहिलं. माझे डोळे चुकत नाहीत असं लिहिलं. त्यांनी माझंच कापड उलटं करून मला दाखवलं. आज दिवसभर मी मशीनला हात लावला नाही. लाज वाटली म्हणून नाही, लक्ष जागेवर नव्हतं आणि लक्ष नसताना शिवलेली शिवण मला उसवावी लागते.

तू मला शून्याचं सांगितलंस, खडूचं सांगितलंस, सातव्याचं सांगितलं नाहीस. म्हणजे बाई विचारत होत्या तेव्हा तू गप्प बसलीस, ती खडूला हसतील म्हणून नव्हे. नऊ सांगितली की दहावं सांगावं लागलं असतं. मला तरी सांगायचंस. मी काय मोठी हरिश्चंद्राची नात लागून गेले होते.

आता माझं ऐक, कारण हे मी कुणाला सांगितलेलं नाही. खडू झटकायला मी तुला शिकवलं, ते सफाईसाठी असं म्हणाले. ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की खडू झटकला की माप कुठे चुकलं ते कुणाला दिसत नाही. एकदा एका बँकेच्या शिपायाच्या कोटाची बाही मी दोन बोटं आखूड कापली. खडू झटकला आणि त्याला म्हटलं, तुमचाच हात वाढला असेल. तो गरीब माणूस मान हलवून गेला. पुढे तीन हिवाळे तो हात पाठीमागे बांधून चालायचा. लोक म्हणायचे, काय रुबाब आहे. तो दिसला की मी रस्ता बदलायचे. तो मेला तेव्हा मला आधी काय वाटलं असेल तर सुटले असं वाटलं. हे पुसण्याचं फळ. तुला माझं सगळं यावं असं मला वाटायचं, हे सोडून.

बाईंकडे जा असं मी सांगत नाही. मी सांगितलं म्हणून गेलीस तर ते माझं जाणं होईल. गेलीस तर काय मिळेल आणि नाही गेलीस तर काय जाईल, ते त्यांनी स्वच्छ लिहिलंय. दहा तारीख लक्षात ठेव.

आणि ते नळाचं. त्यात बघून लिहिण्यासारखं काय होतं, ते मला कळेना. सहा तासवाली एक शिवणारी आणि तीन तासवाली एक. तीन तासवाली म्हणजे सहा तासवाल्या दोघी. म्हणजे मिळून झाल्या तिघी. एकीला सहा तास लागतात ते काम तिघींना दोन तास. झालं. दोन बायका बसल्यावर एकटीपेक्षा जास्त वेळ कसा लागेल, नुसत्या गप्पा मारत असतील तरच.

कळवायचं ते कळव. मी इथेच आहे, कुठे जात नाही.

आजी

ता. ३० ऑक्टोबर

ती. आजीस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी तुझ्यावरच रागावले होते. कशाबद्दल ते मलाच सापडेना, म्हणून राग संपला.

हो, मी बघितलं. साडेचार आलं तेव्हाच मला कळलं होतं की चुकलंय. एकटा नळ तीन तासांत भरतो, मग दोघांना साडेचार कसे. पण कुठे चुकलं ते दिसेना, आणि शेजारीण पेनाला टोपण लावत होती. मी मान वळवलीसुद्धा नाही, नुसते डोळे वळवले. दोन दिसलं. दोन लिहिलं. मग पुसायला लागले, आणि खरं सांगते, सातवं सगळ्यात आधी पुसलं.

बाईंकडे जायला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी शिक्षकखोलीच्या दारातून परत आले. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून त्यांना बाहेर पडताना बघितलं. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, काही हवंय का, आणि मी म्हटलं, खडू. त्यांनी दिला. चौथ्या दिवशी मी तो परत द्यायला गेले आणि सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, आता सातवं सोडवून दाखव. मी तुझ्या तिघी शिवणाऱ्या सांगितल्या. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी ब गटाला तसंच शिकवलं. जुळ्यांपैकी एक म्हणाली, एवढंच होतं होय.

औषधवाल्याच्या मुलीलाही सांगितलं, कारण माझ्यामुळे तिच्याकडेही बोट दाखवत होते. ती म्हणाली, तिला तेव्हाच कळलं होतं. माझ्याशी बोलत नाही. तीन पेनं आता बाकाच्या पलीकडच्या टोकाला ठेवते.

बाईंनी पेपर परत दिला, तो बाबांनाही दाखवला. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी सही केली आणि म्हणाले, क्रेनवर चुकलं तर आधी भोंगा वाजवायचा, मग बाकीचं. मी उशिरा वाजवला, पण वाजवला. आईनं रात्रीच्या जेवणाला माझ्या ताटात तिच्या वाटणीचंही वाढलं.

नवी चाचणी अठरा नोव्हेंबरला. याद्या लागल्या तरी माझी ओळ तोवर कोरी ठेवणार आहेत. एकटीनं बसायचंय, बाईंच्या टेबलाशी. शेजारी कुणी नाही.

तुझी
बटण

ता. ६ नोव्हेंबर

चि. बटण,

आशीर्वाद, या वेळी हात न राखता. वि. वि. तू गेलीस ते बरं झालं. याहून जास्त लिहिलं तर तू कागद जपून ठेवशील, म्हणून लिहीत नाही.

औषधवाल्याच्या पोरीचं मनावर घेऊ नकोस. तिचं चुकलेलं नाही. तिला वेळ लागेल तेवढा लागू दे. शिंप्याकडून एकदा कापड बिघडलं की गिऱ्हाईक वर्षभर फिरकत नाही, मग एक दिवस नुसतं बटण लावायला म्हणून येतं. तोवर दार उघडं ठेवायचं आणि मागे लागायचं नाही.

चाचणीला जाताना पोटात काहीतरी घालून जा. वर छापलेली ओळ आधी वाच. खोडरबर घरी ठेव.

इथे कोटांची गर्दी आहे. तुझी जागा मी एका नव्या मुलीला दिली आहे. ती बोलते फार आणि झटकते कमी. सध्या मी तिला काही म्हणत नाही.

लोभ आहे तिथेच आहे.

आजी

ता. २२ नोव्हेंबर

ती. आजीस,

सा. न. वि. वि. छत्तीस. मी ब गटात आहे आणि ब मधून विज्ञानाचं दार उघडं असतं.

अ मिळेल असं तुला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. पण एकटीनं बसले तर हात गार पडले. बाई समोर बसून दुसऱ्या वर्गाच्या वह्या तपासत होत्या, तरी त्यांच्या पेनाचा आवाज मला माझ्याच गुणांचा वाटायचा. तिसरं गणित मी कोरंच सोडलं. सहा ठिकाणी पायऱ्या गाळल्या म्हणून एकेक गुण गेला, कारण डोक्यात झालेलं कागदावर लिहायची मला सवय नाही. आणि नववं, भिंतीच्या माथ्याला टेकवलेल्या शिडीचं, ते चुकलं.

नवव्याचं तुला सांगायचंय. अर्ध्यात मला कळलं की काहीतरी बिघडलंय. पुढे नेलं तर शिडी भिंतीपेक्षा छोटी निघाली. पाच मिनिटं उरली होती. पहिल्यांदा वाटलं, खोडावं. खोडरबर नव्हतं, पण बाईंच्या टेबलावर होतं, हात पुरेल एवढ्या अंतरावर. मी नाही घेतलं. ती बुटकी शिडी तशीच ठेवून पेपर दिला.

पेपर परत मिळाला तेव्हा बाईंनी त्या रीतीवर वरून खाली लाल पेनानं बारीक खुणा केल्या होत्या. तिसऱ्या ओळीपर्यंत बरोबर, तिथून वाट चुकली, असं लिहिलं होतं, आणि त्या तीन ओळींचे दोन गुण दिले होते. ते दोन नसते तर माझे चौतीस झाले असते.

क गटातल्या माझ्या जागी शिवणाच्या बाईंनी आता दातांच्या डॉक्टरांच्या मुलाला बसवलंय. तो आठवड्यातून एक तास स्वतःहून येतो आणि त्याला बटण लावता येत नाही. हे तुझ्यामुळे झालं असं बाई म्हणतात.

बाबा तुला नमस्कार सांगतात. क्रेनमधला तक्ता काढून घरी आणणार होते, मुकादमानं आणू दिला नाही, म्हणून हातानं उतरवून आणलाय.

तुझी
बटण

ता. २९ नोव्हेंबर

चि. बटण,

अनेक आशीर्वाद. वि. वि. छत्तीस वाचलं. अ मिळेल असं मला वाटलं नव्हतं, तेव्हा उगीच माझ्या नावावर दुःख करू नकोस. कोरं सोडलेलं तिसरं मात्र मला आवडलं नाही. हात गार पडले तर चोळायचे असतात.

मग ते शिडीचं वाचलं. चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. नव्या मुलीलाही वाचायला लावलं, कारण मला वाटलं माझं काहीतरी चुकतंय. चुकलेल्या गणिताला दोन गुण. मी पन्नास वर्षं धंदा केला, चुकलेल्या बाहीबद्दल मला कुणी अर्धा गुणही दिला नाही. बाही परत यायची, आणि बाहीबरोबर गिऱ्हाईकाचं तोंड. इथवर बरोबर होतं, इथून बिघडलं, असं बोट ठेवून सांगणारं कुणी भेटलं नाही. मलाही ते कुणाला सांगता आलं नाही, नव्या मुलीला परवा पहिल्यांदा सांगितलं. ती रडायला लागली. मला वाटलं रागानं, तर म्हणाली तसं नाही.

मला चौथीनंतर शाळेतून काढलं तेव्हा मी काही बोलले नव्हते. माझी अशी समजूत होती, की शाळा ही ज्यांचं बरोबर येतं त्यांची जागा. माझं सारखं चुकायचं, म्हणून वाटलं, बरं झालं, आपली जागा नव्हतीच ती. आता तू लिहितेस की तिथे चुकायलाही बसवतात आणि त्याचे गुण देतात.

हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर बापाशी भांडून मी पाचवीत गेले असते.

एवढंच. ब गटात मागच्या बाकावर बसू नकोस, तिथून फळा दिसत नाही. बाईंना माझा नमस्कार सांग.

तुझी
आजी